आनेकलहून निलगिरीच्या काळ्या मातीकडे

जानेवारीत आनेकलच्या शेतांत नाचणीची कापणी उरकलेली असते. काडाच्या गंजी रचून होतात, आणि बाजारात अवरेकाईचे, म्हणजे पावट्याच्या शेंगांचे, हिरवे ढीग लागतात. बंगळुरू शहर जिल्ह्याचा हा दक्षिणेकडचा तालुका. इलेक्ट्रॉनिक सिटी, बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले ही कंपन्यांच्या आणि कारखान्यांच्या पत्त्यांत दिसणारी नावं याच तालुक्यातली. तरीही आनेकल गाव मागे टाकून बन्नेरघट्टाच्या जंगलाच्या बाजूला वळलं की अजून शेती भेटते: नाचणी, तूर, नारळ, मधेच एखादा मोठा तलाव, आणि निलगिरीच्या झाडांचे सरळ रेषेत लावलेले मळे. कोरडवाहू जमिनीवर ही झाडं इतकी पसरली आणि भूजलाची ओरड इतकी वाढली की २०१७ मध्ये कर्नाटक सरकारने त्यांच्या नव्या लागवडीवर बंदी घातली.

माझी ताई इथे राहते आणि शाळेत भूगोल शिकवते. टुंड्रा प्रदेशाचा धडा आला की मुलांना सांगायला जवळपासचं काही सापडत नाही, ही तिची जुनी खंत. “टुंड्रा काही मला कुणी दाखवणार नाही,” ती म्हणाली, “पण रात्री गोठणारी जमीन आपल्यापासून एका दिवसाच्या वाटेवर, निलगिरी डोंगरावर आहे. चल, या वेळी बघूनच येऊ.” भावोजींनी गाडी काढायची तयारी दाखवली आणि आमचं ठरलं.

निघण्याआधी ताईनं मला शेताच्या बांधावर नेऊन इथली माती दाखवली. तांबडी, भरड, मुठीत धरली तर बोटांतून गळून जाणारी. आनेकल समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर आहे, त्यामुळे हवा मुंबईपुण्यापेक्षा सौम्य. पण मातीतल्या जिवाणूंना, बुरशीला आणि वाळवीला बारा महिने काम करता येईल एवढी ऊब इथे नक्कीच असते. झाडावरून पडलेलं पान फार काळ टिकत नाही. सूक्ष्मजीव ते खातात आणि त्यातला कार्बन पुन्हा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. दिवसा झाडांनी हवेतून घेतलेला कार्बन ही जमा धरली आणि झाडांच्या, मुळांच्या, मातीच्या श्वसनातून परत गेलेला कार्बन हा खर्च धरला, तर उबदार प्रदेशातल्या अशा जमिनीत दोन्ही रकमा मोठ्या असतात आणि शिल्लक थोडी राहते. थंड प्रदेशात जमाही कमी असते, पण खर्च त्याहून कमी. म्हणून हजारो वर्षांत तिथल्या जमिनीत पुंजी साठत जाते. आम्ही निघालो होतो ती ही पुंजी पाहायला.

नाचणीचाही या गोष्टीशी संबंध आहे. हवेतला कार्बन पकडण्याच्या वनस्पतींच्या दोन मुख्य रीती आहेत. भात, गहू आणि जवळपास सगळी झाडं एका रीतीने चालतात. तिला सी-३ म्हणतात. नाचणी, ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि उष्ण प्रदेशातली पुष्कळ गवतं दुसऱ्या रीतीची, म्हणजे सी-४. पाणी कमी असताना किंवा हवेत कार्बन डायऑक्साइड कमी असताना सी-४ वनस्पती तग धरतात. आणि निसर्गात कार्बनचा जो थोडा जड प्रकार असतो, कार्बन-१३, तो त्यांच्या पानांत सी-३ वनस्पतींपेक्षा जास्त सापडतो. पान कुजून काळं झालं, ओळखू येईनासं झालं, तरी ही खूण पुसत नाही. हे ताईनं मला नाचणीच्या काडाची पेंढी हातात धरून समजावलं, आणि पुढे निलगिरी डोंगरावर ते पावलोपावली उपयोगी पडलं.

वाट सोपी आहे. आनेकलहून तट्टेकेरेवरून हारोहळ्ळी, तिथून कनकपुरा, मळवळ्ळी. मग कावेरी ओलांडून कोळ्ळेगाल, चामराजनगर आणि गुंडलुपेट. मळवळ्ळीच्या आसपास ऊस दिसतो, चामराजनगरकडे जाताना डावीकडे बिळिगिरीरंगन डोंगर सोबत करतात. बंडीपूरच्या जंगलातून जाणारा रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो, हे धरूनच निघावं. मे २०२४ पासून निलगिरी जिल्ह्यात शिरणाऱ्या बाहेरच्या गाड्यांना मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ई-पासही काढावा लागतो. तो आधीच काढून ठेवला तर नाक्यावर खोळंबा होत नाही.

मसिनगुडीपर्यंत काटेरी झुडपांचं कोरडं रान लागतं आणि मग कल्लट्टीचा घाट सुरू होतो. ३६ अवघड वळणं आणि थोड्या अंतरात हजार मीटरच्या वर चढण. डोंगर चढताना दर किलोमीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य इथे अंगाला जाणवतं. खाली उघड्या ठेवलेल्या काचा अर्ध्या घाटातच वर गेल्या. वर तलैकुंदाला पोचलो तेव्हा ऊन असूनही वारा बोचत होता. उटी तिथून जवळच, सुमारे २,२४० मीटर उंचीवर. आणि या पठाराचं सर्वांत उंच टोक, दोड्डबेट्टा, २,६३७ मीटर.

पहाटे आम्ही पुन्हा तलैकुंदाच्या बाजूला आलो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी हिवाळ्यात हिमकण पडल्याची बातमी मराठी वर्तमानपत्रांत दर वर्षी येते. तेच इथे, पण विस्तीर्ण मैदानभर. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते. तिच्यालगतची हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून ओघळत खोलगट जागी साचते. मैदानातलं प्रत्येक गवताचं पातं पांढरं झालेलं होतं, आणि त्याच्यावर शंभरेक पावलांवर उभ्या असलेल्या झाडीखाली मात्र हिमाचा मागमूस नव्हता. ही झाडी म्हणजे शोला. डोंगराच्या वळचणीला वाढणारी, ठेंगण्या, दाट, शेवाळलेल्या झाडांची जंगलं. शोला आणि गवत यांची सीमा इतकी रेखीव असते की पाहणाऱ्याला कुणी मुद्दाम आखल्यासारखी वाटते.

ही सीमा कोण राखतं, यावर बराच काळ वाद होता. जुन्या समजुतीप्रमाणे, माणसानं जंगल तोडून, जाळून, गुरं चारून गवत केलं. बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमधले अतुल जोशी, जयश्री रत्नम आणि महेश शंकरन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचं उत्तर हिमात शोधलं. शोलातल्या झाडांची रोपं उघड्या गवतात हिवाळ्यातल्या गोठणीपुढे टिकत नाहीत. झाडांच्या छपराखाली रात्रीची ऊब राहते, तिथेच ती वाढतात. म्हणून जंगल जंगलाच्या जागी आणि गवत गवताच्या जागी. याच अभ्यासाचा दुसरा भाग काळजीत टाकणारा आहे. बाहेरून आणलेली झाडं आणि वाढतं तापमान या दोन गोष्टी हा जुना तोल मोडू शकतात.

तिथून सँडीनल्ला. कामराज सागर धरणाचा जलाशय याच ओढ्यावर आहे. आजूबाजूला मेंढ्यांचं सरकारी संशोधन केंद्र, बुटक्या गवताच्या गोलसर टेकड्या, आणि टेकड्यांच्या मधल्या सखल भागांत दलदल. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय उतरता येत नाही, पण रस्त्यासाठी कापलेल्या दरडीतही जे पाहायचं ते दिसतं. वर हातभर गवताच्या मुळांचं जाळं, आणि त्याखाली काळीभोर, ओली, मऊ माती. आनेकलच्या त्या तांबड्या मातीनंतर हा काळा रंग पाहून मी थांबलेच. ताईनं एक ढेकूळ चिमटीत दाबलं, पाणी निघालं. “ही सगळी कुजायची राहिलेली गवतं बरं का,” ती म्हणाली. “थंडीमुळे आणि पाण्यामुळे.”

यालाच पीट म्हणतात. पाण्यानं भरलेल्या जमिनीत प्राणवायू पोचत नाही, थंडीत सूक्ष्मजीव मंदावतात. मेलेली पाती आणि मुळं अर्धवट कुजून थरावर थर बसत जातात. कॅनडा, सैबेरिया, स्कॉटलंड इथलं पीट जगाला ठाऊक आहे. विषुववृत्तापासून अवघ्या साडेअकरा अंशांवरच्या दक्षिण भारतात ते आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना शाळेत सांगितलं गेलं? मला तर नाहीच.

आणि याच सँडीनल्लाच्या पीटनं एकेकाळी जगाचं लक्ष वेधून घेतलं होतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले आर. सुकुमार, अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतले आर. रमेश आणि त्यांचे सहकारी यांनी इथल्या थरांचं वय रेडिओकार्बननं ठरवलं आणि थराथरातलं कार्बन-१३चं प्रमाण मोजलं. १९९३ मध्ये हा निबंध ‘नेचर’ या नियतकालिकात आला. सुकुमार यांना आपण हत्तींचे अभ्यासक म्हणून ओळखतो. हे काम त्या मानाने कमी ठाऊक आहे आणि मला ते तितकंच मोलाचं वाटतं. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, इथे सी-४ गवतांचं राज्य होतं: पाऊस क्षीण, हवेतला कार्बन डायऑक्साइड आजच्या निम्म्याहूनही कमी. मग पृथ्वी तापू लागली, मॉन्सून बळावला, आणि साधारण दहा हजार वर्षांपूर्वीच्या थरांत सी-३ वनस्पतींची खूण ठळक होत गेली. नाचणीच्या रीतीचं, सी-४ गवत कधी वाढलं आणि कधी मागे सरलं, त्यावरून मॉन्सूनचा इतिहास वाचता आला. त्याच वेळी आणखी एक गोष्ट सिद्ध झाली: हे गवत माणसानं अलीकडे केलेलं नाही, ते हिमयुगापासूनचं आहे.

म्हणजे या दरडीतला कार्बन हजारो वर्षांपूर्वी हवेतून उतरलेला आहे. तो पुन्हा हवेत जाणार नाही याची हमी काय? थंडी आणि पाणी, एवढीच. पैकी थंडीचं काय होतंय, हे पाहण्यासाठी शंकरन आणि त्यांच्या सहकारी यदुगिरी तिरुवाय्मोळी यांनी निलगिरीच्या उंचावरच्या गवतात एक प्रयोग मांडला. वरून उघडे, बाजूंनी पारदर्शक पत्र्याचे कप्पे गवतावर उभे करायचे. ऊन आत येतं, वारा अडतो, आणि आतली जमीन बाहेरच्यापेक्षा किंचित उबदार राहते. मातीचा श्वास मोजण्याची रीतही सरळ आहे. जमिनीत रुंद नळीचं कडं रोवून ठेवतात, मोजायच्या वेळी त्याच्यावर बंद झाकण बसवतात, आणि आतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड किती वेगानं वाढतो ते उपकरण सांगतं. २०१९ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या गवताळ जमिनीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा मुळांचा नसून कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा आहे, आणि जमीन उबदार केली की तो वाढतो.

मुळांचा श्वास म्हणजे गवतानं अलीकडेच मिळवलेल्या कार्बनाची उलाढाल. सूक्ष्मजीव मात्र साठलेल्या पुंजीला हात घालतात.

उत्तर ध्रुवाभोवती हीच गोष्ट अवाढव्य प्रमाणावर चालू आहे. कायम गोठलेल्या जमिनीत सुमारे दीड हजार अब्ज टन कार्बन आहे. आजच्या वातावरणात आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. पीटच्या जमिनी पृथ्वीच्या भूभागाच्या जेमतेम ३ टक्के, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडाखोडांत मिळून आहे त्याहून जास्त कार्बन त्यांच्यात आहे. गोठलेली जमीन वितळली की सुकल्या जागी कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पाणी साचलं तिथे मिथेन. ध्रुवीय प्रदेशातलं भारताचं संशोधन ज्या संस्थेमार्फत चालतं ती गोव्यात, वास्कोला आहे. स्वालबार्डमधल्या नी-ओलेसुंद इथे २००८ मध्ये उघडलेलं ‘हिमाद्री’ केंद्र तिचंच. लडाखमध्ये हानलेच्या थंड वाळवंटात, साडेचार हजार मीटरवर, भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या वेधशाळेच्या आवारात हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या नोंदी घेतल्या जातात. त्या वेधशाळेची दुर्बीण चालवतात ती बंगळुरूजवळच्या होसकोटे तालुक्यात बसून. ताईला तिच्या वर्गासाठी एवढ्या जवळची उदाहरणं एका फेरीत मिळाली, याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर दिसत होता.

उटीच्या वाटेवर पाइनची एक राई आहे. पर्यटकांच्या बस तिथे थांबतात, मुलं खोडांमधून पळतात, फोटो निघतात. ती जागा सुंदर दिसते हे मी नाकारत नाही. पण ते जंगल नव्हे, ती लागवड आहे. १८१९ मध्ये कोइमतूरचा कलेक्टर जॉन सुलिवन इथे पोचला, उटी वसली, आणि इंग्रजांना सरपणाची चणचण भासू लागली. शोला पुरेना, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ऑस्ट्रेलियातून निलगिरीची आणि वॅटलची झाडं आणली गेली. पुढे कातडी कमावायला लागणाऱ्या टॅनिनसाठी आणि लगद्यासाठी वॅटलची लागवड वाढली, ती स्वातंत्र्यानंतर आणखीच. सरकारी दप्तरात गवताळ जमिनीला पडीक म्हणायची सवय जुनी आहे. पडीक म्हटलं की तिथे काहीतरी लावायलाच हवं, असं ओघानंच येतं. निलगिरीच्या दक्षिणेच्या पळणी डोंगरांत तर, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, चार दशकांत दोनतृतीयांश गवत नाहीसं झालं. लागवडीनं आणि शेतीनं गिळलं.

“झाड लावलं तर कार्बन कमीच होणार ना?” भावोजींनी विचारलं. हा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो, आणि तो रास्त आहे. तरुण वॅटल भराभर वाढतो आणि वाढताना गवतापेक्षा जास्त कार्बन खोडात घेतो, हे खरं आहे. पण ते खोड तोडलं जातं, जाळलं जातं, लगदा होऊन जातं. काही वर्षांत त्यातला बराच कार्बन हवेत परततो. मधल्या काळात खालची दलदल सुकते, काळ्या मातीला हवा लागते, आणि वीस हजार वर्षांची पुंजी कुजू लागते. कार्बनाचा हिशेब झाडांच्या संख्येवर करायचा ठरवला तर ही मातीतली रक्कम कुठेच लिहिली जात नाही. आपल्याकडे सोलापूर-पुण्याच्या माळरानांवर वृक्षारोपणासाठी खड्डे खणतात तेव्हा मला हेच खटकतं. माळावर लांडगे, खोकड, माळढोक यांचं घर असतं हे आता लोक बोलू लागले आहेत. मातीतल्या कार्बनाबद्दल अजून कुणी बोलत नाही.

सखल जागी दलदलीचा निचरा करून गाजर, बटाटा, कोबी घेतात, तिथेही तीच काळी माती नांगराखाली येते. घाटावरच्या टपऱ्यांतून ढिगानं मांडलेली तजेलदार गाजरं पाहताना हे विसरायला होतं. शेतकऱ्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्याच्या हाती दुसरी सपाट जमीन कुठे आहे?

तोडा लोकांचं या दलदलीशी वेगळं नातं आहे. म्हशी पाळणारी ही छोटी जमात. त्यांची वस्ती म्हणजे मुंड, आणि त्यांची देवळं गवतानं शाकारलेली असतात. उटीलगतच्या मुत्तनाड मुंडातलं उंच, निमुळतं देऊळ आम्ही कुंपणाबाहेरून पाहिलं. आत जायची परवानगी बाहेरच्यांना नसते आणि ती मागूही नये. या शाकारणीसाठी लागणारं एक खास गवत, एरिओक्रायसिस रंगाचारी, फक्त इथल्या उंचावरच्या दलदलींत उगवतं. दलदल आटली की ते गवत जातं, आणि गवत गेलं की देवळाचं छप्पर कशानं करायचं हा प्रश्न येतो. वस्तीतल्या एका आजोबांशी भावोजींनी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये बोलून पाहिलं. पूर्वी म्हशी उन्हाळ्यात कुठल्या कुरणावर नेत, ते त्यांनी हातानं दाखवलं. त्यांच्या बोटाच्या रोखानं पाहिलं तर समोर गर्द वॅटल होता.

पाण्याचाही भाग आहे. गवत आणि दलदल पावसाचं पाणी धरून ठेवतात आणि उन्हाळाभर हळूहळू सोडतात. ऑगस्ट २०१९ मध्ये इथल्या अवलांची या गावी एका दिवसात ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला. असा पाऊस धरायला डोंगरावर सच्छिद्र, ओली, गवतानं बांधलेली माती लागते. मोयार आणि भवानी या नद्या याच पठारावरून उतरतात आणि त्यांचं पाणी पुढे कावेरीला मिळतं.

आता उलटी दिशा धरायचे प्रयत्न चालू आहेत. तामिळनाडू सरकारनं २०२२ मध्ये उपद्रवी परदेशी वनस्पती हटवण्याचं धोरण जाहीर केलं, आणि वॅटल काढून गवत परत आणण्याचं काम काही उतारांवर सुरू आहे. काम जिकिरीचं आहे. झाड तोडलं की मोकळ्या झालेल्या जमिनीत वॅटलचं बी दुप्पट जोमानं उगवतं, कारण ते मातीत अनेक दशकं जिवंत राहतं. म्हणून आधी स्थानिक गवतांची रोपं वाढवतात, मग एकेक ठोंब हातानं लावतात, आणि त्यांच्यामधून वॅटलची कोवळी रोपं दर वर्षी मुळासकट उपटतात. उटीहून निघताना अशाच एका उतारावर बायकांची रांग ओणवी होऊन रोपं उपटत होती. ताई गाडीतून उतरून त्यांच्याशी बोलायला गेली. त्यांनी तिला वॅटलचं बोटभर उंचीचं रोप आणि गवताचं पातं शेजारी शेजारी धरून दाखवलं, कोणतं ठेवायचं आणि कोणतं काढायचं ते.